उन्हाळी परसबाग : पेरणीचा हिशेब मे महिन्यापासून मागे करावा

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र व वैशाख या दोन महिन्यांचा असतो. खान्देशात मात्र हे महिने कडक उन्हाळ्याचे असतात. भुसावळ, दीपनगर, जळगाव या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते व काही दिवस त्याहूनही वर चढते. अशा हवेत गुढीपाडव्याला बी टाकून वैशाखात भाजी तोडण्याची आशा धरणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. बियाणे खराब निघाले किंवा आपली जमीनच भाजीस योग्य नाही, असा त्याचा समज होतो आणि पुढील वर्षी तो परसबागेच्या वाटेस जात नाही. बारकाईने पाहिल्यास पुष्कळदा असे आढळून येते की, बियाणे चांगले होते, जमीनही बरी होती. पेरणीची वेळ तेवढी टळून गेली होती.

ही वेळ का टळते हेही समजून घेतले पाहिजे. खेड्यात माघ-फाल्गुनात हरभरा व गहू काढणीस येतात. घरातील सर्व माणसे शेतात गुंतलेली असतात आणि परसाकडे पाहण्यास कोणासही सवड नसते. दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीत मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर, म्हणजे एप्रिलच्या सुट्टीत, घरामागील जागा खणावयास घेतली जाते. माणसाच्या सवडीचा काळ आणि बियाण्याच्या सोयीचा काळ यांत असे सहा ते आठ आठवड्यांचे अंतर पडते.

याचा परिणाम जेवणाच्या ताटात दिसून येतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी असे सुचविले आहे. पाच माणसांच्या घरात हे प्रमाण दोन किलोच्या घरात जाते. वैशाखात बाजारात भाजी थोडी येते व महाग असते. मग पिठले, डाळ आणि ठेचा यांवर दिवस निघतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना हिरव्या भाजीची गरज अधिक असते आणि नेमक्या त्याच वेळी ती घरात नसते. लहानशा परसबागेने संपूर्ण गरज भागणार नाही हे खरे. तथापि एक दिवसाआड घरची भाजी मिळाली, तरी तो फार मोठा आधार होतो.

वेळेचा हिशेब

परसबागेचे वेळापत्रक मे महिन्यापासून मागे मोजत आणावे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेल मांडवावर चढलेले, भेंडी तोडणीस आलेली आणि वाफ्यातील जमीन पानांच्या सावलीने झाकलेली असली पाहिजे. भेंडी, काकडी व चवळी यांची पहिली तोडणी पेरणीनंतर सुमारे ४५ ते ५० दिवसांनी मिळते. गवार, गिलके, दोडके व कारले यांस ५० ते ६० दिवस, तर दुधी भोपळ्यास ६० ते ६५ दिवस लागतात. एप्रिलच्या आरंभापासून इतके दिवस मागे मोजल्यास पेरणीचा काळ जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य असा निघतो. याच सुमारास माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी येते. तिथी मागेपुढे होत असली, तरी 'वसंत पंचमीला बी मातीत' एवढी खूण खान्देशातील परसबागेस पुरेशी आहे.

उशिरा पेरलेल्या पिकाचे नुकसान तीन प्रकारांनी होते. काकडीवर्गीय वेलांना नर व मादी अशी दोन प्रकारची फुले येतात व फळ केवळ मादी फुलास धरते. दिवस मोठा झाला व उष्णता वाढली म्हणजे नर फुलांचे प्रमाण वाढते आणि वेल फुलांनी भरूनही फळे थोडी लागतात. दुसरे असे की, तीव्र उष्णतेने परागकण निकामी होऊन फुले गळतात. टोमॅटोच्या बाबतीत दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर व रात्रीचे २४ अंशांच्या वर गेले की फळधारणा झपाट्याने कमी होते. तिसरे कारण मुळांचे आहे. मार्चअखेरीस उगवलेल्या रोपाची मुळे वरच्या दोन-तीन इंच मातीतच असतात आणि तेवढी माती एप्रिलच्या उन्हाने दुपारपर्यंत कोरडी होते. फेब्रुवारीत पेरलेल्या रोपाची मुळे तोपर्यंत खोल ओलीपर्यंत पोहोचलेली असतात.

फार लवकर पेरणेही हितावह नाही. संक्रांतीच्या सुमारास रात्री थंड असतात व जमीनही गार असते. गार मातीत भेंडी, कारले, दुधी यांचे बी उगवण्याऐवजी पडून राहते व कुजते. ज्यांना दोन आठवडे आधी आरंभ करावयाचा असेल, त्यांनी जानेवारीच्या मध्यास वेलभाज्यांचे बी पळसाच्या पानांच्या द्रोणात किंवा लहान पिशव्यांत लावून ते दक्षिणेकडील भिंतीच्या उबेस ठेवावे. रोपांस दोन ते चार पाने आल्यावर द्रोणासह आळ्यात लावावे. काकडीवर्गीय रोपांस मुळे दुखावलेली सोसत नाहीत. पळसाचा द्रोण जमिनीत कुजून जात असल्याने मुळास धक्का बसत नाही. पिशवी वापरल्यास ती अलगद कापून काढावी.

पाण्याचा हिशेब

फेब्रुवारीत पाणी मुबलक दिसते म्हणून मोठी जागा खणली जाते. एप्रिलअखेर विहिरीचे पाणी खाली जाते, नळ कमी वेळ चालतो आणि निम्मी बाग वाळते. ज्या घरात पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे या चुकीचा भार घरातील स्त्रियांवर पडतो. यासाठी बागेचा आकार मे महिन्यात मिळणाऱ्या पाण्यावरून ठरवावा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे करण्यास एक लिटर पाणी लागते. फेब्रुवारीत वाफ्यास दर चौरस मीटरला रोज सुमारे ४ लिटर व मे महिन्यात सुमारे ८ लिटर पाणी लागेल असे स्थूलमानाने धरावे. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद जागा सुमारे १४ चौरस मीटर भरते. या जागेस फेब्रुवारीत १५ लिटरच्या चार बादल्या पुरतील. मे महिन्यात सात ते आठ बादल्या लागतील. आपल्या घरी मे महिन्यात रोज चारच बादल्या पाणी निघत असेल, तर बाग याच्या निम्मीच करावी. निम्मी हिरवी बाग ही पूर्ण वाळलेल्या बागेपेक्षा केव्हाही चांगली.

भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी बागेस निःशंकपणे द्यावे. साबणाचे व धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र भाजीच्या वाफ्यात सोडू नये. त्यातील सोडियममुळे काळी जमीन कालांतराने चोपण होते व तिच्यात पाणी मुरत नाही. असे पाणी वेगळ्या चराने कर्दळीकडे वळवावे. स्वयंपाकघराच्या मोरीचे साधे पाणी जेथे जाते तेथे अळू लावावे. अळूस ओलावा फार मानवतो व वड्यांसाठी पाने घरीच मिळतात.

वेलांच्या आळ्यात मातीची जुनी घागर पुरण्याची पद्धत पाण्याची मोठी बचत करणारी आहे. आठ-दहा लिटरची, आतून-बाहेरून झिलई नसलेली घागर तोंडापर्यंत जमिनीत पुरावी व तिच्याभोवती चार ठिकाणी बी लावावे. घागर भरून तोंडावर झाकण ठेवावे. पाणी घागरीच्या भिंतीतून हळूहळू पाझरून मुळांस मिळते. उन्हाने व वाऱ्याने उडून जात नाही.

जागेची निवड व आखणी

जागा सकाळचे ऊन मिळणारी व पाण्याच्या जवळ असावी. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ती एक फूट खोल खणून आठ-दहा दिवस तापू द्यावी. नंतर ढेकळे फोडून दर चौरस मीटरला अडीच ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. वर सांगितलेल्या जागेस साधारण चार घमेली खत पुरते. कच्चे शेण घालू नये; त्याने हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो.

येथील उष्ण वाऱ्यापासून बचाव हा आखणीचा पहिला उद्देश असावा. पश्चिमेच्या बाजूस जानेवारीतच मक्याच्या दोन दाट ओळी टोकाव्यात. त्यांच्या आत चार फूट रुंदीचा मांडव घालून गिलके, दोडके व कारले यांची एकेक आळी तीन-तीन फुटांवर करावी. मांडवाच्या सावलीत एप्रिलमध्येही कोथिंबीर, पालक व तांदुळजा घेता येतो. मधल्या भागात भेंडी आणि पूर्वेच्या बाजूस गवार व चवळी लावावी. उन्हाळी वाफे गादीसारखे उंच न करता सपाट व कडांपेक्षा किंचित खोल ठेवावेत, म्हणजे दिलेले पाणी वाफ्यातच राहते.

मांडवासाठी तुरकाठी व बांबू वापरावेत. कपाशीची पऱ्हाटी हाताशी असली, तरी ती घराजवळ साठवू नये. तिच्यातील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात कपाशीस उपद्रव देते.

बियाणे व पेरणी

भेंडीसाठी परभणी येथील कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' ही जात चांगली आहे; पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगास ती बऱ्याच अंशी दाद देत नाही. गवारीत 'पुसा नवबहार', गिलक्यात 'पुसा चिकनी' व दोडक्यात 'पुसा नसदार' या जाती परिचित आहेत. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या काकडीच्या 'हिमांगी', कारल्याच्या 'हिरकणी' व दुधीच्या 'सम्राट' या जातीही घरच्या बागेस योग्य आहेत. या सुधारित वाणांचे बी नीट राखल्यास पुढील वर्षी वापरता येते. संकरित वाणाचे घरचे बी मात्र पेरू नये. त्याचे गुण पुढील पिढीत टिकत नाहीत.

येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. जळगावचे भरिताचे वांगे प्रसिद्ध आहे व २०१६ साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु ते पावसाळ्यात लावून हिवाळ्यात खावयाचे पीक आहे. उन्हाळी बागेत ते लावण्याचा मोह आवरावा. हिवाळी झाडावरील एखादे उत्तम फळ पिकू देऊन त्याचे बी जूनसाठी राखून ठेवावे.

पेरणीपूर्वी भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. कारल्याचे कवच कठीण असल्याने ते २४ तास भिजवून नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवावे व मोड दिसू लागताच लावावे. मर रोगापासून संरक्षणासाठी ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी दर किलो बियाण्यास ५ ग्रॅम या प्रमाणात चोळावी. परसबागेच्या थोड्या बियाण्यास चिमूटभर पुरते.

काळ्या जमिनीत पेरणीनंतर लगेच भरपूर पाणी दिल्यास वर कडक पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखाली अडकून मरतो. म्हणून प्रथम वाफा भिजवावा, वापसा आल्यावर बी टोकावे आणि ते मातीऐवजी चाळलेल्या शेणखताने झाकावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर पडावे. अधिक खोल गेल्यास उगवण लांबते. भेंडीच्या दोन ओळींत एक फूट व दोन झाडांत अर्धा फूट, तर गवार व चवळीच्या ओळींत दीड फूट व झाडांत अर्धा फूट अंतर ठेवावे. वेलांच्या प्रत्येक आळ्यात चार बिया लावून पुढे जोमदार दोनच रोपे राखावीत. दुधीचा वेल मोठा पसरतो, म्हणून एका घरास एक आळे पुरे. टोमॅटो हवा असल्यास रोपे डिसेंबरमध्ये तयार करून जानेवारीतच लावावीत, म्हणजे मार्चपर्यंत फळे धरतात.

पालेभाज्यांचे बी एकाच दिवशी सर्व न टाकता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाकावे. त्यामुळे एकदम ढीग व नंतर टंचाई असे होत नाही.

आच्छादन व राख

रोपे वीतभर उंच झाल्यावर जमिनीवर दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे. रावेर, यावल व भुसावळ तालुक्यांत केळीची वाळलेली पाने विपुल मिळतात. गव्हाचे काडही चालते. आच्छादनाने माती थंड राहते, पाणी कमी उडते व तण दबते. मात्र ते खोडास चिकटू देऊ नये आणि वाळवी दिसल्यास ते उलथून उन्हात पसरावे.

दीपनगर परिसरातील रहिवाशांनी राखेविषयी विशेष काळजी घ्यावी. चुलीतील लाकडाची किंवा गोवऱ्यांची राख आणि औष्णिक केंद्रातील कोळशाची राख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोळशाच्या राखेत बोरॉन, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात असतात. मातीची तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला यांवाचून ती खाण्याच्या भाजीच्या वाफ्यात कधीही घालू नये. चुलीची राखही खत म्हणून ढिगाने घालू नये, कारण येथील काळ्या जमिनी मुळातच चुनखडीच्या व अल्कधर्मी आहेत. किडीवर धुरळण्यापुरती ती वापरावी. पानांवर धूळ वा राख बसत असल्यास आठवड्यातून एक-दोन वेळा पहाटे साध्या पाण्याने पाने धुवावीत आणि तोडलेली भाजी वाहत्या पाण्यात स्वच्छ करूनच शिजवावी.

फुले, फळे व कीड

काकडी, कारले व गिलके यांची फुले सकाळी, तर दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात. मधमाश्या कमी असतील तेथे नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, यावरून ते ओळखता येते. हे काम मुलेही उत्साहाने करतात. फुले उमलण्याच्या वेळी कोणतीही फवारणी करू नये.

रोपावस्थेत तांबडे भुंगे कोवळी पाने खातात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात; तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत आणि पानांवर चुलीची राख धुरळावी. भेंडीवरील केवड्याचा प्रसार पांढरी माशी करते, म्हणून पिवळे पडलेले झाड दिसताच उपटून जाळावे. मावा व पांढरी माशी यांसाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी. वेलांवर भुरी दिसल्यास कडक उन्हाळ्यात गंधकाची भुकटी वापरू नये. तिने पाने करपतात. फळमाशीने डागलेली फळे वाफ्यात पडू न देता खोल पुरावीत.

भेंडी, गवार व काकडी कोवळ्या असतानाच, एक-दोन दिवसांआड तोडाव्यात. झाडावर फळ जून होऊ दिले की पुढील फळधारणा मंदावते. बियाण्यासाठी मात्र उत्तम झाडावरील दोन-तीन फळे खूण बांधून पूर्ण वाळू द्यावीत व ते बी कोरड्या राखेत मिसळून बरणीत बंद ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

बियाणे वाटपाचे काम संक्रांतीपूर्वी पूर्ण झाले पाहिजे. मार्चमध्ये हाती पडलेले बियाणे खान्देशातील शेतकऱ्यास उन्हाळी बागेसाठी जवळजवळ निरुपयोगी असते. हरभरा-गव्हाच्या काढणीची अडचण लक्षात घेऊन वाफे तयार करण्याचे काम जानेवारीतच उरकून घेण्यास सांगावे, म्हणजे पेरणीच्या दिवशी एका सकाळचेच काम उरते. वसाहतीतील कुटुंबांनाही परीक्षेच्या काळापूर्वी हे सहज साधेल.

केवळ सांगण्यापेक्षा दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. प्रत्येक गावात एका घरी सारख्या आकाराचे दोन वाफे करावेत. एकात वसंत पंचमीस व दुसऱ्यात गुढीपाडव्यास एकाच पुडीतील भेंडी पेरावी. दोन्हींस सारखे खत व सारखे पाणी द्यावे. उगवणीची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख व मे अखेरपर्यंत मिळालेल्या भाजीचे वजन वहीत नोंदवावे आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. शेतकरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवतो, आणि तो ठेवणे योग्यच आहे.

परसबागेस मोठे भांडवल लागत नाही. वेळेवर टाकलेले मूठभर बी, मे महिन्यापर्यंत पुरेल एवढ्याच पाण्यावर बेतलेली जागा आणि घरातील माणसांचे रोजचे अर्ध्या तासाचे लक्ष, एवढ्या सामग्रीवर वैशाखातही चुलीवर घरची भाजी शिजू शकते. यंदा ज्यांची वेळ टळली असेल त्यांनी निराश न होता मिळेल ते बी राखून ठेवावे, जागेस खत घालून ती तयार ठेवावी आणि येत्या वसंत पंचमीची तिथी आजच दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवावी.